सुट्टी तिकडची, रुसवा इकडचा

पत्राचा सारांश: वाचक ताईंचं माहेर धुळ्याचं, सासर अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात. नवऱ्याच्या नोकरीमुळे सात वर्षांपासून कुटुंब जर्मनीत, स्टुटगार्टजवळ. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. आधी वर्षाआड मे महिन्यात गावी येणं व्हायचं. मुलगी शाळेत जायला लागली तसं ते थांबलं. मेमध्ये तिकडे शाळा चालू असते, चौघांच्या तिकिटांना साडेतीन लाखांच्या वर लागतात आणि चार आठवडे गावी काढले की नवऱ्याची वर्षाची बहुतेक रजा संपते. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये ही मंडळी स्वतःच्या गाडीने इटलीतल्या गार्डा तलावावर गेली आणि तंबू लावून बारा दिवस राहिली. त्याच आठवड्यात गावी सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सासूबाईंनी गार्डाचे फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर पाहिले. रात्री फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुमले फिराले टाईम शे, घर येवाले नही." पाठोपाठ नणंदेने घरच्या ग्रुपवर टोमणा मारला. यंदा नवऱ्याच्या डोक्यात क्रोएशिया आहे. ताई लिहितात, "दर सुट्टीत गावीच गेलो तर मुलं युरोपात राहून काही न बघता मोठी होतील. फिरायला गेलो तर आम्ही स्वार्थी ठरतो. आम्ही करावं तरी काय? आणि ते फोटो काढून टाकू का?"

प्रिय ताई,

फोटोंचं शेवटी बोलू.

तुमचं पत्र वाचताना मला माझे काका आठवले. ते काही जर्मनीत नव्हते, सुरतेला होते, उधन्यात. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावातून त्या काळी घरटी एक माणूस सुरतेला गेलेला असायचा. कोणी लूमवर, कोणी डाइंगमध्ये. काका रविवारी पोरांना डुमसच्या समुद्रावर न्यायचे आणि तिथली टमाट्याची भजी खाऊ घालायचे. ही बातमी गाडीने येणाऱ्या कोणाकडून तरी गावात पोहोचली आणि आजी ओट्यावर बसून म्हणाली, "डुमसले जावाले पैसा शे, गावले येवाले नही." शब्द ओळखीचे वाटतात ना? तुमच्या सासूबाईंचंच वाक्य, फक्त गाव बदललंय. काकांचं उत्तरही घरात प्रसिद्ध होतं: "रविवारले पोरेसले कोठे लई जाऊ मंग?"

म्हणजे हे दुखणं युरोपाचं नाही. खान्देशातून बाहेर पडलेल्या प्रत्येक घराचं आहे. पुणे, नाशिक, सुरत, कुठलंही. जो गेला त्याची भजी मोजली जातात. त्यामुळे "आपण परदेशात आहोत म्हणून आपल्याला असं ऐकावं लागतं" हे मनातून काढा. तेवढं काढलं तरी निम्मा अपराधीपणा कमी होईल. उरलेला निम्मा मात्र जरा तपासून बघायला हवा, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

पत्रात तुम्ही एक वाक्य घाईत लिहून गेलात. सासूबाईंनी फोटो स्टेटसवर पाहिले. म्हणजे तुम्ही गार्डाला जाताय हे त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं. का नाही सांगितलं ते मी ओळखू शकते. सांगितलं की विषय निघेल, विषय निघाला की "मग गावी कधी?" येईल, म्हणून गप्प राहिलात. आता तिकडचं चित्र डोळ्यासमोर आणा. सासऱ्यांच्या डोळ्याला हिरवी पट्टी. सासूबाई दिवसातून चार वेळा थेंब टाकताहेत, आणि तेही घड्याळ बघून, कारण डॉक्टरने दम दिलाय. दुपारी जरा पाठ टेकली, मोबाइल उघडला, तर मुलगा अर्ध्या चड्डीत, हातात आइस्क्रीम, मागे निळंशार पाणी. त्यांना राग फिरण्याचा आला असेल का? मला नाही वाटत. "बापाचा डोळा कसा आहे" हे विचारायच्या आधी आइस्क्रीम दिसलं, याचा आला. खान्देशी माणूस असा राग सरळ बोलून दाखवत नाही, तो टाईमवर ढकलतो.

म्हणून पहिलं काम साधं आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. यापुढे फिरायला जायचं असेल तर महिनाभर आधी सांगा. कुठे, किती दिवस, कसे, कितीत. आणि हे तुमच्या नवऱ्याने सांगायचं. आपल्याकडे एक गंमत आहे: रजा मुलाची, बेत मुलाचा, गाडी मुलगा चालवणार आणि रुसवा झेलायला सून. फोन तुम्हीच लावता, खुशाली तुम्हीच विचारता, म्हणून बोलणीही तुम्हालाच बसतात. आईला "आम्ही यंदा येत नाही" हे मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर ती रागावेल, रडेलही, पण तिच्या रागाचा पत्ता चुकणार नाही. नणंदेच्या टोमण्याचं पुढे बघू नका. आई शांत झाली की ग्रुपही शांत होतो.

आता "कितीत" बद्दल. आपल्याकडे युरोप म्हटलं की डोळ्यापुढे जाहिरात येते: बारा दिवस, सहा देश, माणशी अमुक लाख. तुमच्या सासऱ्यांनी मनातल्या मनात त्याला चाराने गुणलं असणार. त्यांना कसं कळावं की स्टुटगार्टवरून गार्डा म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, घरच्या गाडीने, वाटेत ऑस्ट्रियात महामार्गाचं स्टिकर काचेवर लावून, डिकीत तांदूळ-डाळ आणि कुकर घेऊन? आपण तोरणमाळला डबा घेऊन जातो त्याचीच ही लांबची आवृत्ती. हे त्यांना सांगा. "बाबा, तंबूचं भाडं इतकं, पेट्रोल इतकं, खिचडी मीच लावली." कापसाच्या एकरी खर्चाचा हिशोब ज्यांना तोंडपाठ असतो त्यांना आकड्यांचं वावडं नसतं. लपवलेला खर्च त्यांच्या मनात नेहमी मोठाच होत जातो. आणि चौघांच्या विमानाचा आकडाही त्याच दमात सांगा. दोन्ही शेजारी ठेवले की तुम्ही गार्डा का निवडलं ते न सांगता कळेल.

दुसरी गोष्ट शाळेची. सासऱ्यांना मनापासून वाटत असेल की आठ वर्षांच्या पोरीची शाळा पंधरा दिवस बुडली तर कुठे आभाळ कोसळतं. आपल्याकडे मामाच्या लग्नाला आठवडा सहज बुडतो. जर्मनीत शाळेत हजर राहणं हा कायदा आहे आणि सुट्टीला जोडून दांडी मारली तर पालकांना दंड होऊ शकतो. २०१८ मध्ये बव्हेरियातल्या मेमिंगनच्या विमानतळावर पोलिसांनी शाळा बुडवून निघालेली कुटुंबं हेरली होती. हा किस्सा सासऱ्यांना जरूर सांगा. "पोलिस विचारतो" म्हटल्यावर गावात वाद मिटतो.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूने बोलले. आता तुम्हाला एक प्रश्न: गावी जायचं म्हणजे मे महिन्यातच, हे कोणी ठरवलं?

मला कारण माहीत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आमरस असतो, कुरडया-बिबडे वाळत असतात, सगळ्या पोरांना सुट्टी असते. तुमचं आणि माझं बालपण त्या महिन्यात आहे. पण तुमच्या मुलीची मोठी सुट्टी त्या महिन्यात नाही आणि ती शाळेत असेपर्यंत येणारही नाही. तुमच्या राज्यात, बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये, मोठी सुट्टी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लागते आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. म्हणजे आपला श्रावण. आणि श्रावणात खान्देशात काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

कानबाई! आपल्या खान्देशची देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, रात्रभर जागरण, सोमवारी वाजतगाजत नदीवर. सुरतेचे, पुण्याचे, नाशकाचे सगळे भाऊबंद त्या दोन दिवसांसाठी गावी येतात. आमच्या काकांना वर्षात दुसऱ्या कशालाही रजा मिळाली नाही तरी कानबाईला ते यायचेच. गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, दारात उभे राहून यायचे. आमच्याकडे रोटांचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू काढताना घरातल्या एकेका माणसाच्या नावाने मूठ धरतात. घरी असलेल्यांच्याही आणि नसलेल्यांच्याही. आजी सुपात मूठ टाकत जायची आणि नाव घेत जायची. सुरतेचं नाव आलं की आवाज जरा चढायचा, जणू तिथपर्यंत ऐकू जायला हवा. तुमच्या सासरी रीत थोडी वेगळी असेल, गावागणिक असतेच. पण एकदा सासूबाईंना विचारा, तुमच्या पोरांचा त्यात हिशोब धरतात का. मी पैज लावते, धरतच असणार.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. तुमचा धाकटा चार वर्षांचा, त्याचं सगळं आयुष्य स्टुटगार्टच्या हवेत गेलेलं. मेमध्ये त्याला गावी आणलंत की तो सकाळी दहा ते संध्याकाळी सहा कूलरसमोर मोबाइल बघत बसणार आणि परत जाऊन सांगणार की गाव म्हणजे गरम. ऑगस्टमध्ये तेच शिवार कापसाने हिरवं, नाल्याला पाणी, बांधावर चिखल. आणि युरोपातल्या मुलांना, मी पाहिलंय, चिखलाचं अप्रूप आपल्या मुलांपेक्षा जास्त असतं. त्यांच्या बालवाडीत पावसातही बाहेर खेळायला नेतात, रबरी बूट आणि पावसाळी विजार दाराशी टांगलेलीच असते. तो पोशाख बॅगेत घाला. सासरे त्याला बघून हसतील, मग सगळं गाव बघायला येईल.

खोट्याचं काम नको, श्रावणाचेही तोटे आहेत. चुलत-मामे भावंडं शाळेत असतील. आखाजीसारखी वीस पोरांची टोळी जमणार नाही. रविवार आणि सणाचे दिवस तेवढे. लाइट जाते. डास असतात आणि पोटं बिघडतात. म्हणून निघायच्या दीड-दोन महिने आधी मुलांच्या डॉक्टरांना भेटून टायफॉइड, हिपॅटायटिस ए वगैरे लशींचं विचारून घ्या, गावी उकळलेलं पाणी आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे. आणि हे नीट ऐका, कारण बरेच जण इथे फसतात: जर्मनीचा सरकारी आरोग्य विमा इटलीत चालतो, तुमच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपचं कार्ड असतंच, पण भारतात तो चालत नाही. गावी येताना प्रवासाचा वेगळा आरोग्य विमा काढावा लागतो. तो महाग नसतो, पण विसरला जातो, कारण "आपल्याच घरी तर चाललोय."

आता रजा. तुम्ही चार आठवडे हा आकडा कुठून आणलात? तिकीट महाग म्हणून जास्त दिवस राहून ते वसूल करायचं, हा आपला जुना हिशोब. पाच दिवसांच्या आठवड्याला जर्मनीत कायद्याने किमान २० दिवस रजा मिळते, पुष्कळ कंपन्या ३० च्या आसपास देतात. नवऱ्याने कानबाई मध्ये धरून दोन आठवडे यावं. म्हणजे कामाचे दहा दिवस. तुम्हाला जमत असेल तर मुलांना घेऊन आठवडाभर आधी या. नोकरीचं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, त्यामुळे हे तुमचं तुम्ही ठरवा. दोन लहान मुलांना घेऊन एकटीने विमान बदलत येणं किती जिवावरचं असतं हे मला माहीत आहे, म्हणून आग्रह नाही. पण दोन आठवड्यांचा मुक्काम चारपेक्षा बरा जातो, असा माझा अनुभव. तिसऱ्या आठवड्यात पाहुण्याचा माणूस होतो आणि मग भांडणं लागतात.

इथे एक गोष्ट मला टोचली. तुमच्या पत्रात तुमच्या आईवडिलांचा उल्लेख "माहेर धुळ्याचं" एवढाच आहे. चार आठवड्यांच्या हिशोबात ते कुठे आहेत? कानबाई सासरच्या घरात, ठीक. पण अमळनेर-धुळे तासाभराचा रस्ता. विमान उतरल्यापासून सगळे दिवस सासरी आणि शेवटचे दोन माहेरी, बॅगा भरता भरता, असं होऊ देऊ नका. तारखा आधीच सांगून ठेवा, दोन्हीकडे. धुळ्याच्या आजीलाही वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी करून घालायची हौस असेल की. तिचा रुसवा व्हॉट्सॲपवर येत नाही म्हणून तो नाही असं समजू नका.

मग दर वर्षी यायचं का? नाही. तिकिटांचा आकडा खरा आहे आणि तो दर वर्षी पेलणं कोणालाही कठीण. एक वर्ष तुम्ही या, एक वर्ष त्यांना न्या. सासू-सासऱ्यांना, आणि पुढच्या खेपेला आईवडिलांना.

"ते नाही येत, त्यांना करमत नाही" असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे, बहुतेकांना नाहीच करमत, आणि त्यात त्यांचा दोष थोडा. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी तीच गोष्ट सांगितली: तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला म्हणून तीन महिने ठेवून घेतलं. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. राहता येतं, राहायलाच पाहिजे असं नाही! मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, दाराबाहेर पाय ठेवला तर बोली कळत नाही. रविवारी दुकानंही बंद आणि गल्लीत इतकी शांतता की सासऱ्यांना वाटेल कोणी वारलं की काय. गावी ओट्यावर बसलं की तासाभरात दहा माणसं बोलून जातात. तिकडे बाल्कनीत बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजतात. सहा आठवडे पुरे. तेही मेच्या मध्यापासून जूनच्या शेवटापर्यंत: इथल्या उन्हातून सुटका, तिकडे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड, शेतात पेरणीची घाई लागायच्या सुमारास परत. मुख्य म्हणजे तुमच्या राज्यात त्याच सुमारास, मेअखेर-जूनमध्ये, शाळेला पिंग्स्टन या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी असते.

त्या दोन आठवड्यांत तुमची "ट्रिप" त्यांच्यासकट करा. क्रोएशिया नको. जवळ, एकाच जागी. बोडनझे तलाव तुमच्यापासून रेल्वेने तीन तासांच्या आत. तिथे स्वयंपाकघर असलेलं घर आठवडाभरासाठी भाड्याने घ्या. सासूबाईंना भाकरी थापायला मिळाली की त्या कुठेही रमतात, आणि नुसत्या ब्रेडवर ठेवलंत तर चौथ्या दिवशी त्यांना स्वर्गातही करमणार नाही. जर्मन रेल्वेत सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि लांबपल्ल्याच्या गाड्यांत सहा ते चौदा वर्षांची मुलं मोठ्यांच्या तिकिटावर नाव घातलं की फुकट. सासू-सासऱ्यांसाठी महिन्याचा डॉइचलांड-टिकेट काढा, २०२६ पासून ६३ युरो. जवळपल्ल्याच्या सगळ्या रेल्वेगाड्या, बस, ट्राम त्यात येतात, फक्त वेगाच्या लांबपल्ल्याच्या गाड्या नाहीत. तो दर महिन्याला आपोआप चालू राहतो, म्हणून महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करायला विसरू नका, नाहीतर सासरे गावी ज्वारीत आणि पैसे तिकडे कापले जाताहेत असं होईल.

कागदपत्रांचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मेसाठी दिवाळीनंतर तयारीला लागा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि पॉलिसी घेताना आधीपासूनच्या आजारांचं काय लिहिलंय ते वाचा. बीपी-शुगरच्या माणसाला नेमकं तेच नाकारलेलं असतं. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. खर्चाची हमी मुलगा देणार असेल तर त्याला तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून हमीपत्र करावं लागतं. त्याचं नाव फेअरप्फ्लिश्टुंग्स-एरक्लेरुंग, फी २९ युरो, आणि नाव उच्चारायला शिकवलंत तर सासरे ते पारावर वर्षभर वापरतील. आणि तुम्ही चौघं तिथून दुसऱ्या देशात जाता तेव्हा मुलांचे पासपोर्ट आणि रहिवासाची कार्डं बरोबर ठेवा. आपल्या मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, ते संपल्याचं तंबू भरताना कळू नये.

राहिली ती तुमची खरी धास्ती: मुलांनी काही पाहिलं नाही असं होईल. कोणाच्या दृष्टीने, ताई? चार वर्षांच्या मुलाला रोम आणि रावेर यात फरक नसतो. तुम्हीच लिहिलंय की गार्डाला धाकट्याने तीन दिवस एकच खेळ खेळला, बादलीत गोटे भरायचे आणि ओतायचे. हा खेळ बोरी नदीच्या काठीही होतो. मोठी आठची आहे, तिला आता जागा आठवायला लागतील. तिच्यासाठी दोन-तीन वर्षांनी एखादा मोठा प्रवास जरूर करा. क्रोएशिया २०२३ मध्ये शेंगेनमध्ये आला, युरोही त्याच वर्षी घेतला. तो आता कुठे पळून जात नाही. सासऱ्यांचा दुसरा डोळा, गुडघे, बैलजोडी विकायची की ठेवायची, हे मात्र दर वर्षी बदलत राहणार. तेव्हा माझं मत विचाराल तर यंदा कानबाई, पुढच्या वर्षी आजी-आजोबा तिकडे, आणि क्रोएशिया त्यानंतर. तुमचा नवरा कुरकुर करेल. करू द्या. त्याला विचारा, लहानपणी जागरणाच्या रात्री तो कोणाच्या मांडीवर झोपायचा.

आणि मधल्या काळात फोन. "आजीशी बोल गं" म्हणून मोबाइल पोरीच्या तोंडापुढे धरला की "हाय आजी, बाय आजी" एवढंच होणार. ती उद्धट नाही, तिच्याकडे विषय नाही. काम द्या. रविवारी तुमच्या सकाळी नऊला, उन्हाळ्यात आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात, सासरे शेतातून घरी आलेले असतात. त्यांना सांगा, एक कापसाचं झाड नातीच्या नावाने ठेवा आणि दर रविवारी तेच दाखवा. किती पानं, फूल आलं का, पिवळं की गुलाबी. तिने वहीत चित्र काढायचं. मराठी अडखळेल, मध्ये जर्मन शब्द येतील, अहिराणी तर तिला परग्रहाची वाटेल. चालू द्या. श्रावणात ती आली की ते झाड शोधायला आधी पळेल.

आता फोटो. काढून टाकू नका. काढलेत तर तुम्ही काही चोरीचं केलं होतं असंच ठरेल. उलट त्यातले पाच-सहा मोठ्या आकारात छापून घ्या, मागे मुलीच्या हातून मराठीत दोन ओळी लिहून घ्या, चुका तशाच ठेवा, आणि गावी येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवा. सासूबाई आधी बाजूला ठेवतील. सासरे मात्र खिडकीशी नेऊन एकेक बघतील. त्यांचा तो डोळा आता नवा आहे, आणि त्याने त्यांनी नातवंडांना अजून नीट पाहिलेलं नाही.